जीसीसी १३.२ चा बिल्ड दोनदा थांबला, दोन्ही वेळा निराळा संदेश देऊन

प्रश्न (फोंडा)

सर्वांना नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयात कंपायलर रचना हा विषय शिकवते. कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, स्वतःच स्वतःला कसा कंपाईल करतो, हे चतुर्थीच्या सुट्टीपूर्वी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावे अशी माझी फार इच्छा आहे. फळ्यावर या क्रियेची, म्हणजे बूटस्ट्रॅपची, आकृती काढली की मुले माना डोलावतात, पण एकाच सोर्सपासून (प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरापासून) तीन टप्प्यांत तीनदा तयार झालेला कंपायलर त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. त्यासाठी मी माझ्या लॅपटॉपवर जीसीसी या सी आणि सी++ च्या कंपायलरची १३.२ ही आवृत्ती सोर्सपासून तयार करायला घेतली आणि दोन आठवडे अडकून पडले आहे.

लॅपटॉप जुना आहे: चार कोअर, ८ थ्रेड, ४ जीबी मेमरी, २ जीबी स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा). त्यावर उबुंटू २२.०४ आहे, म्हणजे आधीपासून असलेला कंपायलर जीसीसी ११ आहे. सोर्स एका डिरेक्टरीत आणि बिल्ड दुसऱ्या, हे पथ्य मी पाळले आहे. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्ररी सोर्ससोबत येणाऱ्या स्क्रिप्टने उतरवून घेतल्या. सुरुवातीला बिल्डची पूर्वतयारी करणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टनेच ३२ बिटांच्या लायब्ररी नसल्याची शंका घेऊन काम थांबवले होते, म्हणून मल्टिलिब, म्हणजे ६४ सोबत ३२ बिटांसाठीही लायब्ररी बनवणे, बंद केले. भाषा फक्त सी आणि सी++ ठेवल्या असून प्रिफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करण्याची जागा, होम डिरेक्टरीतला दिला आहे.

पहिल्यांदा बिल्ड चालवणाऱ्या मेकला -जे८ दिले, म्हणजे एका वेळी आठ कामे. पहिला टप्पा सुरळीत पार पडला, दुसऱ्या टप्प्यात काम थांबले आणि शेवटची ओळ अशी होती: मेक, तीन तारे, ऑल, एरर २. दुसऱ्यांदा नवी डिरेक्टरी घेऊन -जे२ ने सुरुवात केली. त्या संध्याकाळी जोराचा पाऊस झाला आणि वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच निकामी झालेली असल्यामुळे तो तत्क्षणी बंद पडला. वीज आल्यावर त्याच डिरेक्टरीत पुन्हा मेक चालवले, ते दोन तास व्यवस्थित चालले आणि मग सीसी१प्लस (जीसीसीतील प्रत्यक्ष सी++ कंपायलर) लिंक होताना, म्हणजे कंपाईल झालेल्या ऑब्जेक्ट फाईल्स जोडल्या जाताना, लिंकरने सांगितले की सीपी डिरेक्टरीतील पार्सर.ओ ही ऑब्जेक्ट फाईल ओळखता येत नाही, फाईल ट्रंकेटेड (अपुरी) आहे.

माझी समजूत अशी झाली आहे की एक तर उतरवलेला सोर्सच खराब असावा, किंवा जीसीसी ११ ने १३ तयार होत नसावा. १४ वी आवृत्ती उतरवून पाहावी का? की मेक डिस्टक्लीन करून (बिल्डमध्ये तयार झालेले सगळे पुसून) पुन्हा प्रयत्न करावा?

उत्तर (म्हापसा)

मॅडम, आवृत्ती बदलण्याची घाई कृपया करू नका. जीसीसी ११ ने १३ उत्तम तयार होतो. सी++११ पुरेसे समजणारा कोणताही कंपायलर त्याला चालतो. सोर्स खराब असता तर त्याचे आर्काइव्ह उलगडतानाच चेकसमची तक्रार आली असती. शिवाय पहिला टप्पा पूर्ण झाला, म्हणजे तोच सोर्स एकदा अथपासून इतिपर्यंत कंपाईल झालेला आहे. हा पुरावा आपल्या हातात आहे, तो सोडू नका.

आपण दिलेली पहिल्या वेळची ओळ म्हणजे मूळ चूक नव्हे. एरर २ हा कंपायलरने दिलेला क्रमांक नाही. आतल्या डिरेक्टरीत चाललेले दुसरे मेक अपयशी ठरले, एवढेच बाहेरचे मेक त्यातून सांगते. जीसीसीच्या बिल्डमध्ये मेकच्या आत मेक अशा तीन-चार पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरी आपल्या वरच्या पायरीला तोच निरोप पोहोचवते. मूळ घटना त्या सगळ्यांच्या वर असते. त्यातही -जे८ असताना एक फाईल पडली तरी उरलेली सात कामे आपापले काम पुरे करूनच थांबतात आणि त्यांचे आउटपुट मध्ये मिसळते, म्हणून खरी चूक शेवटच्या ओळीपासून शेकडो ओळी वर असू शकते.

यासाठी मेकचे स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर एकत्र करून टी कमांडने एका फाईलमध्ये साठवा, आणि त्या फाईलमध्ये 'एरर १' सर्वांत आधी कोठे येतो ते ग्रेप कमांडने शोधून पाहा. त्या ओळीच्या लगेच वर जे लिहिले असेल तेच खरे. मला अंदाज आहे, पण तो सांगण्याआधी ती ओळ पाहायला आवडेल.

प्रश्नकर्ती

आपले मनापासून आभार. टर्मिनलची जुनी खिडकी सुदैवाने बंद केलेली नव्हती. वर सरकत गेल्यावर सुमारे १५० ओळींच्या वर हे सापडले: एक्सजी++, फेटल एरर, किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस. त्याच्या खाली गिंपल-मॅच.ओ या फाईलसाठी एरर १ आहे. एक्सजी++ हे नाव मी प्रथमच पाहिले.

उत्तर (म्हापसा)

अंदाज तोच होता. मेमरी संपली आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) सीसी१प्लस ही प्रक्रिया मारून टाकली. सुडो लावून डीमेसग ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड चालवा. त्या वेळेच्या नोंदींत 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी ओळ सीसी१प्लसच्या नावासह दिसेल. (टर्मिनलची सबंध खिडकीच नाहीशी झाली असती, तर उबुंटू २२.०४ मधील सिस्टमडी-ओओएमडी या सेवेचा संशय घेतला असता. ती सेवा एकट्या प्रक्रियेला नव्हे, तर तिच्या संपूर्ण गटाला मारते.)

एक्सजी++ हे नाव मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे, आणि आपल्या वर्गात दाखवण्याजोगेही. पहिल्या टप्प्यात लॉगमध्ये जीसीसीचा सोर्स कंपाईल करणाऱ्या ओळींची सुरुवात जी++ ने होते, कारण तेथे उबुंटूचा कंपायलर राबत असतो. दुसऱ्या टप्प्यापासून त्या जागी एक्सजी++ येतो. तो नुकताच जन्मलेला, अजून इन्स्टॉल न झालेला जीसीसीच असतो. म्हणजे बूटस्ट्रॅप सुरू झाल्याची खूण आपल्याला लॉगमध्येच मिळते.

आता पहिला टप्पा पार पडून दुसराच का अडला, हे पाहू. पहिल्या टप्प्यात जीसीसी एरवी फक्त -जी (डीबगिंगची माहिती) लावून, ऑप्टिमायझेशनशिवाय कंपाईल होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात -ओ२ हे ऑप्टिमायझेशन लागते. गिंपल-मॅच.सीसी ही फाईल कोणी हाताने लिहिलेली नाही. प्रोग्रॅममधील पदावल्या सोप्या करण्याचे नियम मॅच.पीडी या फाईलमध्ये असतात आणि त्यांतून जेनमॅच नावाचा छोटा प्रोग्रॅम ही अवाढव्य सी++ फाईल तयार करतो. -ओ२ सह ती एकटीच जीबीभर किंवा त्याहून जास्त मेमरी घेते. शेजारी इन्सन-रेकॉग, जेनेरिक-मॅच अशी तिची भावंडे एकाच वेळी चालू असली, की ४ जीबीत कोणाचेच भागत नाही. जीसीसीच्या कर्त्यांनाही या फाईलचा जाच होत होता. १४ व्या आवृत्तीत त्यांनी तिचे १० तुकडे केले. तेवढ्यापुरता १४ वा उतरवण्याचा आपला विचार चुकीचा नव्हता, फक्त कारण निराळे होते.

उपाय साधा आहे. -जे८ ऐवजी -जे२ ठेवा, ब्राउझर बंद करा आणि ८ जीबीची स्वॅप फाईल जोडा. स्वॅपमुळे वेग मंदावेल, पण काम मरणार नाही.

उत्तर (वाळपई)

म्हापशाच्या मित्रांनी पहिल्या बिघाडाचे अचूक निदान केले आहे. दुसऱ्या बिघाडाबद्दल मी लिहितो, कारण आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात काम करणाऱ्याला तो चांगलाच परिचयाचा आहे आणि माझे स्वतःचे एक आठवड्याचे काम त्यात गेलेले आहे.

बिल्ड तीन प्रकारे थांबतो आणि त्यांतल्या दोन प्रकारांनंतर त्याच डिरेक्टरीत पुन्हा मेक चालवणे पूर्ण सुरक्षित असते. आपण स्वतः कंट्रोल-सी दाबले, तर अर्धवट तयार झालेले लक्ष्य मेक जाता जाता पुसून टाकते. मेमरीअभावी सीसी१प्लस मारला गेला, तर त्याला चालवणारा जी++ जिवंत असतो आणि अपुरी ऑब्जेक्ट फाईल तो मागे ठेवत नाही. म्हणजे आपल्या पहिल्या प्रयत्नानंतर नवी डिरेक्टरी घेण्याची गरजच नव्हती. -जे१ देऊन तेथूनच पुढे जाता आले असते आणि पहिल्या टप्प्याचे सगळे काम वाचले असते.

वीज जाते तेव्हा मात्र पुसायला कोणीच उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे, जी फाईल पूर्ण तयार झाली असे आपण पडद्यावर पाहिलेले असते, तिचाही भरवसा राहत नाही. उबुंटूची एक्स्ट४ फाईल सिस्टम नव्या फाईलचे नाव आणि वेळ लवकर नोंदवते, पण तिच्यातला मजकूर काही काळ मेमरीतच ठेवते आणि डिस्कवरची जागा नंतर ठरवते. त्या मधल्या वेळात वीज गेली, की डिस्कवर नाव असते, ताजी वेळ असते आणि आकार शून्य बाइट.

मेक फाईलच्या आत डोकावत नाही. ते फक्त वेळ पाहते. पार्सर.ओ ची वेळ पार्सर.सीसीच्या वेळेपेक्षा नंतरची आहे, म्हणजे हे काम झालेले आहे असे समजून ते पुढे जाते. ती फाईल रिकामी आहे हे पहिल्यांदा कळते ते लिंकरला, दोन तासांनी, जेव्हा आपल्याला विजेची आठवणही उरलेली नसते. आपण एलएस -एल करून त्या फाईलचा आकार पाहावा. तो शून्य निघेल असे मी खात्रीने म्हणतो.

त्या एका फाईलला पुसून मेक पुन्हा चालवण्याचा मोह होईल. मीही तेच केले होते. अडचण अशी आहे की प्रत्येक ऑब्जेक्टबरोबर डॉट-डेप्स या लपलेल्या डिरेक्टरीत .पीओ नावाची एक लहानशी फाईल तयार होते. ही ऑब्जेक्ट फाईल कोणकोणत्या हेडर फाईल्सवर अवलंबून आहे, याची नोंद तिच्यात असते. तीही रिकामी झालेली असू शकते आणि तिच्याबद्दल कोणीही तक्रार करत नाही. पुढे केव्हा तरी आपण एखाद्या हेडरमध्ये बदल कराल आणि ती ऑब्जेक्ट फाईल पुन्हा कंपाईल व्हायला हवी असताना होणार नाही. माझा आठवडा गेला तो या शोधात. तेव्हापासून माझा नियम आहे की वीज गेली तर बिल्डची डिरेक्टरी संपूर्ण पुसायची आणि कॉन्फिगरपासून सुरुवात करायची. सोर्सची डिरेक्टरी स्वतंत्र असल्यामुळे तिला धक्का लागत नाही. मेक डिस्टक्लीनवर विसंबू नका. ज्या डिरेक्टरीच्या नोंदींवरच विश्वास नाही, तिच्याकडूनच तिची सफाई करून घेण्यात अर्थ नाही.

लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर घरच्या इन्व्हर्टरच्या प्लगवर तो लावा, आणि विजेवरून बॅटरीवर जाताना होणाऱ्या क्षणिक खंडात तो तग धरतो का, हे काम सुरू करण्याआधी एकदा मुख्य स्विच पाडून पाहा. काही इन्व्हर्टरांवर संगणक त्या क्षणात बंद पडतो. यूपीएस या स्थितीला फिरवण्याचा खटका असेल तर तो वापरावा.

उत्तर (मडगाव)

मी जरा निराळा विचार मांडू इच्छितो. ४ जीबीच्या यंत्रावर तीन टप्प्यांचा आग्रह कशासाठी? डिसेबल-बूटस्ट्रॅप हा पर्याय कॉन्फिगरला दिला, तर उबुंटूचा कंपायलर एकदाच जीसीसी १३ तयार करतो, वेळ निम्म्याहून कमी लागतो आणि मिळणारा कंपायलर वापरायला चांगला असतो.

बूटस्ट्रॅपच दाखवायचा असेल तर गो भाषेचा विचार करावा. तिचा कंपायलर आरंभी सी भाषेत होता, २०१५ मध्ये आलेल्या १.५ या आवृत्तीपासून तो गोमध्येच लिहिलेला आहे, आणि म्हणून गो तयार करायला आधीचा गो लागतो. साध्या लॅपटॉपवरही ते काम काही मिनिटांत होते. फक्त आवृत्ती पाहून घ्यावी: उबुंटू २२.०४ सोबत मिळणारा गो १.१८ आहे, त्याने १.२० आणि १.२१ तयार होतात, कारण त्यांना निदान १.१७ हवा असतो. १.२२ ला मात्र १.२० लागतो, म्हणजे तेथे मधली एक पायरी चढावी लागते.

उत्तर (म्हापसा)

गोची सूचना मला आवडली. प्रयोगशाळेत प्रत्येक मुलाला स्वतः करून पाहायला ती योग्य आहे. पण बूटस्ट्रॅप बंद करण्याशी मी सहमत नाही. जीसीसीमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फाईल्स एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. पहिल्या टप्प्याचा कंपायलर उबुंटूच्या कंपायलरने घडवलेला आणि दुसऱ्याचा स्वतः जीसीसी १३ ने घडवलेला असल्यामुळे त्या दोघांचे यंत्रभाषेतील रूप वेगळे असते, पण सोर्स एकच असल्यामुळे त्यांचे वागणे सारखेच असायला हवे. म्हणून त्यांनी निर्माण केलेले दुसरे आणि तिसरे टप्पे तंतोतंत जुळले पाहिजेत. न जुळल्यास 'बूटस्ट्रॅप कम्पॅरिझन फेल्युअर' असे सांगून बिल्ड थांबतो. मॅडमना जे शिकवायचे आहे ते नेमके या तुलनेत आहे, आणि ते पाहण्यासाठी एक रात्र खर्ची पडली तरी ती सत्कारणी लागेल.

उत्तर (वाळपई)

एक गोष्ट राहिली. पुढच्या प्रयत्नात 'इंटर्नल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट' असा संदेश आला आणि पुन्हा चालवल्यावर तो दुसऱ्याच फाईलवर सरकला, तर स्वॅप वाढवत बसू नका. अशा वेळी जीसीसी स्वतःच लिहितो की हा दोष पुन्हा घडवता येत नाही, त्यामुळे तो हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टमचा असावा. तेव्हा मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. जुन्या लॅपटॉपमध्ये मेमरीची पट्टी सैल झालेली असते किंवा तिच्या टोकांवर इथल्या दमट हवेने थर चढलेला असतो.

प्रश्नकर्ती

सर्वांच्या सूचनांप्रमाणे केले, त्याचा वृत्तांत देते.

पार्सर.ओ चा आकार खरोखरच शून्य होता. फाइंड कमांडने त्या डिरेक्टरीतील रिकाम्या फाईल्स शोधल्या, तेव्हा तिच्याशिवाय आणखी एक ऑब्जेक्ट आणि दोन .पीओ फाईल्स निघाल्या, आणि चौघींची वेळ एकाच मिनिटातली होती. वीज गेल्याचे ते मिनिट. ती यादी मी विद्यार्थ्यांसाठी जपून ठेवली आहे. नंतर डिरेक्टरी पुसली, ८ जीबी स्वॅप जोडला, इन्व्हर्टरचा खटका यूपीएसवर फिरवून मुख्य स्विच पाडून पाहिला, आणि शुक्रवारी सायंकाळी -जे२ ने काम सुरू केले. गिंपल-मॅचच्या वेळी मी मुद्दाम टॉप कमांड उघडून बसले होते. सीसी१प्लसची मेमरी चढत चढत जीबीच्या पुढे गेली तेव्हा पहिल्या वेळचा बिघाड मला समोर दिसला. साडेपाच तासांनी तुलना यशस्वी झाल्याचा संदेश आला. मध्यंतरी एकदा वीज गेली होती, पण लॅपटॉप चालू राहिला.

आता एकच अडचण आहे. नव्या जी++ ने आयओस्ट्रीम वापरणारा साधा प्रोग्रॅम कंपाईल होतो, पण चालवल्यावर लिबएसटीडीसी++ या सी++ च्या लायब्ररीमध्ये जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३२ ही आवृत्ती सापडत नाही असे म्हणतो.

उत्तर (म्हापसा)

हार्दिक अभिनंदन. हा बिघाड नाही. प्रोग्रॅम नव्या लायब्ररीशी जुळवून तयार झाला आहे, पण चालताना त्याला उबुंटूची जुनी लायब्ररी सापडते आणि तिच्यात ३.४.३० पर्यंतच नोंदी आहेत. ३.४.३२ ही जीसीसी १३.२ सोबत आली. आपल्या प्रिफिक्सखालील लिब६४ या डिरेक्टरीत नवी लायब्ररी आहे. कंपाईल करताना लिंकरला आर-पाथ (प्रोग्रॅममध्येच नोंदली जाणारी लायब्ररीची जागा) म्हणून त्या डिरेक्टरीचा पूर्ण मार्ग द्या, म्हणजे प्रोग्रॅम ती स्वतः शोधील. एलडी लायब्ररी पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवूनही काम होते, पण मग त्या टर्मिनलमधून सुरू होणारे सगळेच प्रोग्रॅम तिकडे वळतात, म्हणून वर्गात दाखवताना आर-पाथच वापरा. उबुंटूची मूळ लायब्ररी मात्र कृपा करून बदलू नका.